फुगडीला चालणारी फरशी

नवीन जालन्यातल्या फरशीच्या दुकानात आम्ही नवरा-बायको सकाळपासून भांडत होतो. त्याला चकचकीत पांढरी फरशी हवी होती, मला खरबरीत राखाडी.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या नऊवारीतल्या साठीच्या बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि माझ्यापुढे दोन्ही हात धरले.

"काय भांडून राह्यली गं पोरी? महालक्ष्म्यांत फुगडी याच्यावरच खेळशील ना? मंग खेळून पाहा की!"

मी नको म्हणेपर्यंत आम्ही गरगर फिरत होतो. दुकानात नमुन्याला बसवलेल्या पांढऱ्या फरशीवर पाय सटकले आणि दोघीही धपकन खाली बसलो. त्या इतक्या हसल्या की चष्मा नाकावर घसरला. लगेच उठून त्यांनी मला राखाडीवर ओढलं. तिथं पाय घट्ट टिकले. छताचे पंखे, नळांच्या रांगा, नवऱ्याचं आ वासलेलं तोंड, सगळं भोवती फिरायला लागलं. लग्नानंतर मी इतकी कधी फिरलेच नव्हते.

"हीच घे. बिलकुल सटकत न्हाई," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"तुम्ही कोणती घेताय?"

"मी? मी तर नळ घ्यायला आल्ते!"

पिशवी उचलून त्या हसत हसत भोकरदनच्या बसला पळाल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

राखाडी फरशी बसवून झाली, तेव्हा घर अजून रिकामं होतं. नवऱ्यानं दाराशी चपला काढल्या, बाहेर कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"चल," तो म्हणाला, "बराबर बसली का पाहू."