उघड्या काठाची गोधडी

बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, विणायचं नाही, विकत आणायचं नाही. जन्माला आलं की कोणाच्या तरी जुन्या लुगड्याचा तुकडा फाडायचा आणि त्यात गुंडाळायचं. ही रीत आमच्या गल्लीत सगळे पाळत. मला तिचा मनस्वी राग होता, अजूनही आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची गल्ली विणकरांची. दुपारची जेवणं आटोपली की आम्ही पाच-सहा बायका माझ्या ओसरीवर गोधड्या शिवायला बसायचो. सगळ्यांत लहान होती ती शेजारची सून. तिची आधीची दोन्ही बाळंतपणं माहेरी, खाप्याला झाली होती आणि दोन्ही लेकरं बारशापर्यंतही टिकली नव्हती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. या खेपेला तिचं नाव सरकारी दवाखान्यात घातलं होतं आणि दिवस भरणार होते ऐन पौषात. खिडक्यांची तावदानं फुटलेल्या त्या वॉर्डात मी स्वतः एक हिवाळा काढला होता. फाडलेल्या लुगड्यानं तिथली थंडी भागत नाही, हे मला सांगायला कोणी नको होतं.

तिच्या बाळासाठी गोधडी शिवू, असं सरळ सांगितलं असतं तर एकीनंही सुई हातात धरली नसती. म्हणून मी कट केला. आमच्या या ओसरीवरच्या मंडळात जाहीर केलं, यंदा आपण गुपित गोधडी शिवायची. दर मंगळवारी मी एकेकीला कापड देणार आणि त्याचं काय करायचं तेवढंच सांगणार. तुकडा घरी शिवायचा, दुसरीला दाखवायचा नाही, गुपचूप माझ्याकडे आणून द्यायचा. सगळे तुकडे जोडल्यावर काय होतं ते शेवटी कळेल. बायका हरखून गेल्या. एरवी यांच्या आयुष्यात गुपित असं काय होतं? सगळ्या गल्लीला सगळ्यांच्या भाजीला काय घातलं तेही ठाऊक!

मंगळवारी नुसता धिंगाणा चालायचा. आमच्यातली सगळ्यांत म्हातारी आजी दर वेळी विचारायची, "काय करून राहिली वं तू? नंदीची झूल शिवतं का?" दुसरी म्हणायची, पेटीवर टाकायला असेल. मी तोंड शिवून बसायचे. सून तेवढी अंदाज करत नसे. खाली मान घालून कापड घ्यायची आणि सगळ्यांच्या आधी शिवून आणायची. टाके इतके बारीक की मला हेवा वाटावा.

सगळे तुकडे मी एकटीनं जोडले, आत जुन्या धोतराचा थर घातला, धावदोरा घातला. तीन काठ मुडपून शिवले आणि चौथा उघडा ठेवला. रीत न मानणाऱ्या माणसालाही भीती असतेच. काठ उघडा आहे म्हणजे गोधडी अजून झालेलीच नाही, अशी मी माझीच समजूत घातली.

मुलगा झाल्याची बातमी एका सकाळी आली. मी सगळ्यांना हाक मारली आणि गोधडी ओसरीवर पसरली. एवढीशी गोधडी बघून ती कोणासाठी ते सगळ्यांना कळलं. मग म्हातारीनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "चांगलं फसवलं वं आमाले!" आणि पहिली सुई तिनंच ओवली. चौघी उरलेल्या काठाला भिडल्या. दुपारच्या भेटीच्या वेळेला मी ती घेऊन दवाखान्यात जाणार होते.

काठ निम्मा झाला होता तेव्हा सुनेचा नवरा दारात येऊन उभा राहिला. सूत रंगवायचं काम करायचा तो, हात कोपरापर्यंत निळे. त्यानं गोधडीकडे पाहिलं.

"राहू द्या काकू," तो म्हणाला. "पोरगं गेलं."

म्हातारीनं सुई काठातच सोडली आणि उठली. जाताना एवढंच म्हणाली, "आदी शिवत नसतात वं बाई." बाकीच्या तिच्या मागे गेल्या. पुढच्या मंगळवारी कोणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आमचं मंडळ तिथंच संपलं. थंडीनं, अशक्तपणानं, दवाखान्याच्या हेळसांडीनं पोर जातं, गोधडीनं जात नाही, हे मी कोणाला सांगणार होते? ऐकायला समोर कोणी बसलेलंच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या मनालाही ते पटवता पटवता मी थकून गेले.

उन्हं तापू लागल्यावर एका दुपारी सून आली. पार वाळली होती. म्हणाली, "काकू, ते काढा." मी पेटीतून गोधडी काढून दिली. म्हातारीची सुई अजून तशीच होती. सुनेनं तोच दोरा धरला आणि राहिलेला काठ शिवायला घेतला. मी समोर बसून रडत होते, ती रडत नव्हती.

"तुले कधी कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच तुकड्याले. इतकं मऊ कापड झुलीले कोणी लावते का?"

"मंग काहून शिवलं पोरी?"

तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला. "पहिल्या दोघाईले पदरात गुंडाळून नेलं. त्याईच्या नावाचं एक फडकंही नाही राहिलं. म्हटलं, हे जगो का मरो, याचं काहीतरी असू द्यावं."

मी म्हटलं, घेऊन जा. तिनं घडी केली, छातीशी धरली, आणि मग माझ्या मांडीवर ठेवली. "घरी नेली तं सासू जाळून टाकन. तुमच्याकडंच राहू द्या."

तिला पुढे मूल झालं नाही. दर पौषात ती येते, गोधडी अंगणात उन्हात टाकते, ऊन कलेपर्यंत तिच्याजवळ बसते आणि घडी करून मला परत देते. आता मी थकले आहे. मी गेल्यावर ती कुठे येईल, हे ती विचारत नाही आणि मीही विचारत नाही.