नकाशातले राखाडी मतदारसंघ

नकाशात भोकं पडली होती. सगळा देश रंगीत आणि मधेच एखादा मतदारसंघ राखाडी. मार्लेननं उत्तरेकडच्या अशाच एका राखाडी तुकड्यावर बोट ठेवलं, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'येथील निवडणुकीची नोंद उपलब्ध नाही.'

"माझी आजी इथली," ती म्हणाली. "इथे निवडणूकच झाली नाही?"

मार्लेन आमची क्लायंट. एका संग्रहालयातल्या प्रदर्शनाची सगळी जबाबदारी तिच्यावर होती, आणि टेस्टिंगसाठी ती हार्लेमहून आमच्या युट्रेख्टच्या ऑफिसात आली होती. आमचं काम डेटा व्हिज्युअलायझेशनचं, म्हणजे सोप्या भाषेत आकड्यांची चित्रं काढायचं. या वेळचं चित्र भिंतीएवढं होतं. नेदरलँड्सच्या संसदेच्या निवडणुकांचा इतिहास. आपल्या गावावर बोट ठेवायचं, वर्ष निवडायचं, की त्या भागानं कुणाला निवडून दिलं ते दिसणार, आणि एक छोटी आकृती तिथून निघून टुकूटुकू द हेगला संसदेत जाऊन बसणार. देशाला राजा आहे, पण तो निवडून येत नाही, त्यामुळे नकाशात त्याचा काही त्रास नव्हता. त्रास या भोकांचा होता, कारण उद्घाटनाची आमंत्रणं गेली होती आणि डेटा माझ्याकडे होता.

माझी स्वतःचीही एक अडचण होती. नवऱ्यामागोमाग मी या देशात आले ती डिपेंडंट म्हणून. बरीच वर्षं अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये डबे भरण्यात आणि मुलीला शाळेत सोडण्यात गेली. मग पुन्हा अभ्यास, पुन्हा इंटरव्ह्यू आणि शेवटी ही नोकरी. इथल्या कायद्यानं तात्पुरती कॉन्ट्रॅक्ट्स किती वेळा द्यायची याला मर्यादा आहे. माझं शेवटचं संपत आलं होतं. आता एक तर पर्मनंट, नाहीतर टाटा. आमचा बॉस बास यानं मला स्पष्ट सांगितलं होतं, की हा प्रोजेक्ट कसा जातो त्यावर तो ठरवणार. डच लोकांचं हे एक बरं असतं, टांगती तलवार कुठे टांगली आहे ते नीट दाखवतात.

तर भोकं. आधी थोडा इतिहास सांगते, त्याशिवाय गंमत कळायची नाही.

आज नेदरलँड्समध्ये आपल्यासारखे मतदारसंघ नाहीत. सगळा देश जणू एकच मतदारसंघ. पक्ष उमेदवारांच्या याद्या लावतात, लोक यादीतल्या एका नावाला मत देतात, आणि देशभरात जितकी मतं तितक्या प्रमाणात पक्षाला जागा. 'आमचा खासदार' हा शब्दच इथे नाही. पण पहिलं महायुद्ध संपत येईपर्यंत असं नव्हतं. तेव्हा आपल्यासारखेच मतदारसंघ होते, एका ठिकाणाहून एक माणूस. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. मत फक्त पुरुषांना, तेही बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेल्या. मार्लेनच्या आजीच्या आईला कुणी विचारलं नसणार. आज हयात असलेल्या डच माणसानं ती पद्धत पाहिलेलीच नाही. पुस्तकात वाचली असेल तेवढीच.

मी पहिल्यांदा मूळ डेटा पाहिला. एका संशोधन संस्थेनं वर्षानुवर्षं खपून तयार केलेला, अगदी चोख. त्यात मार्लेनच्या आजीचा मतदारसंघ होता, निवडणूक होती, जिंकणारा माणूस होता. म्हणजे आमच्याकडे येईपर्यंत ठीक होतं आणि आमच्या हातून गळलं होतं.

मग राखाडी तुकडे एकेक करून तपासले. प्रत्येकात एक गोष्ट सारखी होती. ज्या निवडणुकीत तो मतदारसंघ राखाडी, तिच्यापाठोपाठ तिथे पोटनिवडणूक झालेली. पोटनिवडणुका आम्ही वेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या होत्या. आता, जिथे निवडणूकच झाली नाही तिथे पोटनिवडणूक कशी होईल? आणि दर वेळी निवडून आलेला माणूस लगेच मरेल, असंही नाही.

मराठी वाचकाच्या हे एव्हाना लक्षात आलं असेल. ऑफिसात कुणाच्याच आलं नव्हतं.

डेटा साफ करायचा नियम योस्टनं लिहिला होता, मी प्रोजेक्टवर येण्याआधी. योस्ट आमचा सीनियर प्रोग्रॅमर. हुशार, शांत, टेबलावर एक पेन्सिलही वाकडी नसायची. एकच नोंद चुकून दोनदा आली असेल, तर एक ठेवून दुसरी काढून टाकायची, याला आम्ही डी-डुप्लिकेशन म्हणतो. दुकानाच्या ग्राहकांत एकच बाई दोनदा आली तर तिला दोन कॅटलॉग जातात, ते टाळायला हे करतात. योस्टचा नियम असा, की एका निवडणुकीत एक माणूस एकदाच निवडून येणार. दुसऱ्यांदा दिसला, तर चूक. काढून टाका.

मी त्याच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, की एकच पुढारी दोन ठिकाणी उभा राहिला आणि दोन्हीकडे निवडून आला तर?

"एक माणूस दोन खुर्च्यांवर कसा बसेल?" योस्टनं विचारलं.

"बसत नाही. एक खुर्ची सोडतो. मग तिथे पुन्हा निवडणूक."

मग त्यानं विचारलं, की असं मुद्दाम कोण करेल. मी म्हटलं, आमच्याकडे बसून ऐक, दिवस पुरायचा नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आमच्या तालुक्यातून एकदा एक मोठे नेते उभे राहिले होते. दोन ठिकाणी अर्ज भरला होता. दोन्हीकडे जिंकले आणि आमची जागा सोडून दिली. बाबांनी त्यांच्यासाठी उन्हातान्हात घरोघर फिरून चिठ्ठ्या वाटल्या होत्या. राजीनाम्याची बातमी आली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. पोटनिवडणुकीला पुन्हा रांगेत उभे राहिले, मत देऊन आले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मला राजकारण कळायचं वय नव्हतं, पण अपमान कळला होता.

योस्टनं पोटनिवडणुका आणि पुसलेल्या नोंदी शेजारी शेजारी लावून पाहिल्या. प्रत्येक जोडी जुळली. "माझा नियम चुकला," तो म्हणाला आणि कॉफी आणायला गेला. सबबी नाहीत, तोंड पाडणं नाही. हा गुण मी इथे शिकायचा खूप प्रयत्न केला आहे, अजून जमलेला नाही.

चूक सापडली, आता दुरुस्त करायची, इतकं सोपं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. सगळं डिझाइन 'एक माणूस, एक गाव, एक रंग' यावर उभं होतं. ती टुकूटुकू चालणारी आकृती एकाच वेळी दोन गावांतून कशी निघणार? शिवाय स्क्रीनवरचा प्रत्येक शब्द संग्रहालयाच्या समितीनं मंजूर केलेला. या देशात निर्णय साहेब घेत नाही, टेबल घेतं. सगळे बसतात, सगळे बोलतात, बोलून बोलून एकमत होतं, आणि एकदा एकमत झालं की ते पुन्हा उघडणं म्हणजे जेवणं आटोपल्यावर पुन्हा पानं मांडण्यासारखं.

बासनं मीटिंग लावली. तो, योस्ट, मार्लेन आणि मी. मीटिंगआधी मी बासला सांगायला गेले, की रंग बदलून भागणार नाही, पण तो हेल्मेट काढत फोनवर बोलत होता आणि त्यानं नुसती मान हलवली.

मीटिंगमध्ये त्याचा तोडगा तयार होता. राखाडी मतदारसंघाला पोटनिवडणुकीत जिंकलेल्याचा रंग द्यायचा. शेवटी संसदेत त्या भागातर्फे तोच बसला ना? भोकं बुजतील, डिझाइन तसंच राहील, समितीकडे जायला नको. मार्लेनचा चेहरा उजळला.

मी म्हटलं, की त्या लोकांनी आधी दुसऱ्याला निवडलं होतं. काही ठिकाणी तर दुसऱ्याच पक्षाच्या माणसाला. आपण त्यांनी न केलेली निवड त्यांच्या नावावर लिहितो आहोत.

बास म्हणाला, की शंभर वर्षांपूर्वीचं कोण तपासायला येणार आहे. आणि मग, अगदी सहज, "मेधा, तुला तर इथे संसदेसाठी मतही देता येत नाही."

त्यात खोच नव्हती. खरं आहे ते बोलायचं, ही इथली रीत. माझा पासपोर्ट भारतीय. खेमेंटेच्या, म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत मला मत आहे, संसदेच्या नाही. तरी लागायचं ते लागलंच.

"बरोबर," मी म्हटलं. "या खोलीत कुठल्याच पक्षाला मत न दिलेली मी एकटीच आहे. मग मोजायला माझ्याइतकं योग्य कोण?"

योस्ट हसला. बास हसला नाही. त्यानं मीटिंग आवरती घेतली.

इथे मीटिंगच्या शेवटी हात वर करून मत घेत नाहीत. टेबलाभोवती एकेकाला विचारतात, 'तू यासोबत जगू शकतेस का?' म्हणजे मनापासून पटायला हवं असं नाही, चालवून घेशील का, एवढंच. उत्तर 'हो' असतं. 'नाही' म्हणायची मुभा आहे, पण मग गाडी तिथेच थांबते आणि पर्याय आणायची जबाबदारी 'नाही' म्हणणाऱ्यावर येते. इतक्या वर्षांत मी कुणालाही नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. मी तर रंगापासून रजेपर्यंत सगळ्याला हो म्हणत आले होते. आदल्या दिवशी घरी नितीननं, माझ्या नवऱ्यानं, हेच सुचवलं होतं. आधी कॉन्ट्रॅक्ट हातात पडू दे, मग हवी तितकी भांड. त्याचं चूक नव्हतं. माझी किती वर्षं घरात गेली ते त्यानं पाहिलं होतं.

मार्लेन हो म्हणाली. योस्ट खांदे उडवून हो म्हणाला. बासनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.

मला भीती वाटत होती, हे लिहायला लाज कसली. पण एकदा तोंडातून गेलं होतं, आणि आता मागे घेतलं असतं तर मला स्वतःचाच राग आला असता.

"मग पर्याय आण," बास म्हणाला. "उद्घाटन पुढे जाणार नाही."

मी आणि योस्ट लगेच कामाला बसलो. पहिल्यांदा आकृती दोन गावांतून काढून पाहिली. रस्त्यात एकाच माणसाची दोन माणसं धावताना दिसायला लागली, जत्रेत हरवलेल्या जुळ्या भावांसारखी. ते रद्द. मग मतदारसंघ अर्धा अर्धा रंगवून पाहिला, तर तो दोन मतदारसंघांसारखा दिसायला लागला. तेही रद्द. शेवटी तिरपे पट्टे काढले. एक पट्टा आधी निवडून आलेल्याच्या रंगाचा, एक नंतरच्याचा. आकृती नंतरच्याचीच चालेल, म्हणजे तिला हात लावायला नको. आणि बोट ठेवलं की दोनच वाक्यं: 'येथे निवडून आलेल्या प्रतिनिधीने दुसरा मतदारसंघ राखला. येथील मतदारांनी पुन्हा मतदान केले.'

मार्लेनला ही दोन वाक्यं समितीकडून मंजूर करून आणायची होती, आणि ती माझ्यावर चांगलीच वैतागली होती. मी तिला फोनवर सांगितलं, की तुझ्या आजीच्या गावाला पट्टे आले आहेत. तिनं विचारलं, नेमकं काय झालं होतं तिथे. मी सांगितलं. ती म्हणाली, की हे त्यांच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. मग समितीला तिनं काय सांगितलं देव जाणे, पण वाक्यं जशीच्या तशी मंजूर झाली.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. त्याआधी बासनं मला आत बोलावलं. आधी सुनावलं, की क्लायंटसमोर नाही म्हणणं अडचणीत टाकणारं होतं, पुढच्या वेळी मीटिंगच्या आधी सांग. मी म्हटलं, आधीच सांगितलं होतं, तू फोनवर होतास. त्यानं आठवून पाहिलं आणि मान्य केलं. पर्मनंट कॉन्ट्रॅक्ट मिळालं. माझ्या वार्षिक मूल्यमापनात 'अधूनमधून हट्टी' असंही त्यानं नोंदवलं. मी 'अधूनमधून' काढायला सांगितलं, ते मात्र त्यानं ऐकलं नाही.

उद्घाटनाला एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ आले होते. आयुष्यभर दूध डेअरीत काम केलेले, उत्तरेकडचे. त्यांनी आपल्या गावावर बोट ठेवलं. पट्टे आले. दोन्ही वाक्यं त्यांनी सावकाश वाचली, मग पुन्हा वाचली, आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले.

"म्हणजे आम्ही त्याची स्टेपनी होतो?"

त्यांनी डचमध्ये जादा चाक म्हटलं होतं, अर्थ तोच. मी म्हटलं, तसंच म्हणावं लागेल.

"नंतर येऊन कुणी माफी मागितली का?"

मी सांगितलं, की तशी नोंद नाही.

"माझे पणजोबा नक्की गेले असतील मत द्यायला. पायी. दोन्ही वेळा." ते खरोखर चिडले होते. ज्याच्यावर चिडले होते तो कधीच मातीत गेला होता, तरी चिडले होते. जाताना पुन्हा वळून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि मला बजावलं, की हे काढू नका.

आमच्या धंद्यातला शहाणपणा म्हणून सांगायचं तर एवढंच. एखादी गोष्ट दोनदा दिसली म्हणून ती चूक ठरत नाही. पुसायच्या आधी ज्याचं पुसतो आहोत त्याला विचारावं. तो हयात नसेल, तर त्याच्या पणतवंडाला दाखवून बघावं. त्याला राग आला, तर नोंद बरोबर आहे.