धोंडू तारी आल्यास

घर विकायचं तर नवरा मेलेला असावा लागतो, हे आनंदी तारीला एकोणसाठ साली मालवणात कळलं. सांगणारे भाई वालावलकर. कचेरीसमोर चिंचेखाली मेज टाकून ते लोकांची खरेदीखतं लिहीत. वाईट मनाने त्यांनी काही सांगितलं नाही. घर, पडवी, माड, विहिरीतला हिस्सा, सगळं धोंडू महादेव तारी याच्या नावावर होतं; आणि धोंडू मंगळूरहून कौलं भरून निघालेल्या गलबतावर होता, ते गलबत आलंच नाही. कुठे फुटलं, फुटलं की नाही, कोणी पाहिलं नव्हतं. एक फळीसुद्धा तळाशीलच्या किनाऱ्याला लागली नाही.

"जावन किती वर्सां झाली?" भाईंनी विचारलं.

"दिवाळेक आठ होतली."

"मगे झाला तर. सात वर्सां ज्याचो ठावठिकाणो नाय, तो कायद्यान मेलो."

"बरा," आनंदी म्हणाली.

तिने ते अशा आवाजात म्हटलं की भाईंना वाटलं, हिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगायला घेतलं.

"आयाकलंय," ती म्हणाली. "मेले."

आणि पायाला लागलेला खाडीचा चिखल ती नारळाच्या सोडणाच्या तुकड्याने खरवडत राहिली.

पहिल्या वर्षी ती संध्याकाळची सुरुंगीच्या झाडाखाली वाट बघत उभी राहायची. मग ते सुटलं. सोडणं खाडीत कुजत घालायची, कुजली की बडवायची, सुंभ वळायचं. कुंकू लावायची ते दाराला कडी घालावी तसं, हाताच्या सवयीने. विहिरीवर बायका नवऱ्यावरून चिमटे काढत, "तू घोवाची वाट बघतंस गो, काय घोव तुझी?" ती कळशी भरून निघून यायची. रडताना तिला वाडीत कोणी पाहिलं नाही. हसतानाही नाही.

मसुऱ्याहून भाऊ आला, बाबू. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती.

"हंय सुंभ वळून मरतलंस," तो म्हणाला, "थंय येवन चार भाकरी थापलंस तर आमी तरी जगू."

"बरा."

घर बंद ठेवलं तर वाळवी खाणार. शेजारचा गंगाराम मुंबईची गोदी सोडून बायकोसह परत आला होता आणि आपल्या भावाच्या पडवीत दाटीने राहत होता. त्याला घर हवं होतं. व्यवहार तोंडी ठरायला एक पान खाण्याइतका वेळ लागला. कागदाला पावसाळा गेला.

आधी तलाठ्याकडे वारस म्हणून आनंदीचं नाव लागायला हवं होतं. त्याला वाडीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब हवेत, की धोंडू समुद्रात मयत झाला. बाकीच्यांनी दिले. परशुराम तांडेल, ज्याने धोंडूला पोरपणी सुकाणू धरायला शिकवलं, तो अडून बसला.

"मी तेका मेललो बघूक नाय. खोटा कसा सांगू?"

आनंदीच त्याच्या पायरीवर गेली.

"सांगा ओ. घर विकूचा आसा."

परशुरामने तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग समुद्राकडे, आणि तलाठ्यासमोर अंगठा उमटवला.

खरेदीखताचा मसुदा भाईंनी चिंचेखाली वाचून दाखवला. चतुःसीमा झाल्या, माड झाले.

"वाट लिवूक होयी, विहिरीचो हिस्सो लिवूक होयो," ते म्हणाले. "बाकी तुमची खुशी. आणि काय घालूचा?"

असं विचारायची त्यांची रीत होती. आनंदी उत्तर देईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"लिवा," ती म्हणाली. "ते इले, तर तेंका पडवीत एक रात रवाक देवची. पेज घालूची. आणि मी मसुऱ्याक आसंय म्हणान सांगूचा."

गंगारामला हसू आलं आणि अर्ध्यातच गेलं. भाईंनी टाक खाली ठेवला.

"आनंदीबाय, वर लिवलेला आसा 'मयत'. खाली लिवूचा, इलो तर पेज घाला? सायेब माका खुळ्यात काढतले."

"वरचा तुमका लागता म्हणान लिवलास. ह्या माका लागता."

"वयनी, मी तोंडान सांगतंय मां," गंगाराम म्हणाला. "देतलंय पेज. माशाची कढीय घालतलंय."

"तोंडान तेपण सांगून गेल्ले. शिमग्याक येतंय म्हणान."

आनंदी उठली नाही, भांडली नाही; नुसती बसून राहिली. ते लिहिल्याशिवाय अंगठा नाही, एवढं कळलं. भाईंनी तपकीर ओढली. खरेदीखतात ते घालता येणार नव्हतं, पण वेगळा साधा कागद करता येईल, ते म्हणाले. त्याला स्टँप नको, नोंदणी नको. "असो कागद करूकच होयो असा कोण म्हणना नाय, करू नको असाय कोण म्हणना नाय."

"आणि उद्या तो कागद कोणी कोर्टात नेलो तर?" गंगाराम घाबरला. "माझा घर जायत!"

"अरे खुळ्या, धोंडू खरोच इलो तर तुझा खरेदीखत तसाय धोक्यात. मगे पेज घालूक तुझा काय जाता?"

गंगारामने विचार केला. त्याला काही पटलं असं नाही, पण दुसरा मार्ग दिसेना. भाईंनी लिहिलं, 'धोंडू महादेव तारी आल्यास त्यास पडवीत एक रात्र मुक्काम देईन, पेज वाढीन व आनंदीबाई मसुरे येथे आहेत असे सांगेन.' खाली गंगारामने सही केली.

आत सब-रजिस्ट्रार साहेबांनी खरेदीखत वाचलं. वाचताना 'विधवा' या शब्दापाशी थांबले आणि समोरच्या कुंकवाकडे पाहिलं.

"पतीचं नाव काय?"

भाई सांगायला लागले. "त्यांना सांगू दे," साहेब म्हणाले.

लग्नात घास भरवताना घेतलं होतं, त्यानंतर ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. भाईंनी मान खाली घातली.

"धोंडू महादेव तारी," आनंदी म्हणाली. शेजाऱ्याचं सांगावं तसं. "मयत आहे."

अंगठ्याची शाई तिने केसांना पुसली. साधा कागद गंगारामने तिच्यापुढे धरला, तेव्हा तिने हात पुढे केला नाही.

"माझ्याकडे ठेवन काय करू? ते हंय येतले."

तेव्हा तो कागद खरेदीखताबरोबर त्याच घरातल्या पेटीत गेला.

मसुऱ्याला तिचा कुंकवाचा करंडा एकदा रिकामा झाला. तिने तो भरला नाही. भावजय गेली, भावाची पोरं मोठी झाली, आनंदी भाकऱ्या थापत राहिली.

पासष्ट साली नारळी पुनवेनंतर एका संध्याकाळी दाढी वाढलेला एक माणूस गाठोडं घेऊन गंगारामच्या पडवीत येऊन बसला. गंगाराम सावंतवाडीला बाजाराला गेला होता. सुगंधा, त्याची बायको, हिने धोंडूला कधी पाहिलेलं नव्हतं. माणूस खलाशासारखा दिसत होता आणि माडांकडे बघत होता. नाव विचारायचं धाडस तिला झालं नाही. कागदातही विचारायचं लिहिलं नव्हतं. तिने पेज वाढली, चटई दिली आणि सकाळी मसुऱ्याला निरोप धाडला.

आनंदी होडीने आली. तोवर गंगारामही परतला होता. माणूस पुन्हा जेवायला बसला होता. खळ्यातूनच तिने त्याच्याकडे पाहिलं, सुंभाला गाठ आहे का पाहावं तितकाच वेळ.

"न्हय," ती म्हणाली.

माणूस पेज भुरकत राहिला.

"मगे वयनी," गंगाराम चाचरत म्हणाला, "एक रात तर दिली. कागद फिटलो काय? फाडूया?"

"ते खंय इले? भलतोच जेवलो."

"मगे?"

"आसांदे कागद."

सुगंधाने तिला पाणी दिलं. ते उभ्यानेच पिऊन आनंदीने तांब्या परत केला.

"आणि पुढच्या टायमाक आधी नाव इचार गो," ती म्हणाली. "माका होडीचो फेरो पडता."