मामाचं वेल्डिंग मशीन

माझ्या मामाने अडतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी त्याने दुकान बंद केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "डोळे दमले." डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. हात थरथरायला लागले होते, चिमट्यातून स्क्रू सुटायचे. हे मामीला ठाऊक होतं आणि मलाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आम्ही दोघी गप्प. खोटं निभावायचं म्हणून त्याने चष्मासुद्धा केला. शून्य नंबरचा! असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता त्याने नवंच खूळ घेतलं. घरच्या घरी लोखंड जोडायचं, मामीसाठी दाराशी बाक करायचा. त्यासाठी स्वस्तातलं वेल्डिंग मशीन हवं होतं. निघताना मामीने मला दाराआड ओढलं.

"जमलं नाही ना, तर पुन्हा कशालाच हात लावायचे नाहीत हे. जा तू बरोबर. पण हातांचा विषय काढू नकोस, बाई."

झालं! रस्ताभर मी हवापाण्याच्याच गप्पा मारत राहिले.

अवजारांच्या दुकानात मालकीणबाई होत्या, दणकट, बाह्या दुमडलेल्या. मामाने गेल्या गेल्या जुनी कॅसेट लावली, "डोळ्यांचा जरा त्रास आहे."

"मग काका, हेच घ्या," त्यांनी एक निळा डबा पुढे ओढला. "रॉडचं मशीन. सगळ्यांत स्वस्त, घरच्या प्लगवर चालतं. हेल्मेटमध्ये भिंग बसवून देते, डोळ्यांची चिंताच नको."

शेजारी दुसरं मशीन होतं, जरा महाग. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, 'तार आपोआप पुढे येते.' रॉडचं मशीन म्हणजे रॉड लोखंडापासून तांदळाच्या दाण्याएवढा वर, तोही स्थिर धरायचा. बोलू की नको? मामीने तर बजावून ठेवलं होतं.

"चालवून बघा," बाई म्हणाल्या. मागच्या पडवीत त्यांनी आम्हा दोघांना हेल्मेटं चढवली, मामाला हातमोजे दिले आणि जोडायला लोखंडाच्या दोन पट्ट्या ठेवल्या.

मामाने घड्याळजीच्या सवयीने श्वास रोखला आणि रॉड टेकवला. चट्‌ आवाज झाला आणि रॉड पट्टीला चिकटून बसला. बाईंनी तो हिसडून सोडवला, दुसरा लावून दिला. पुन्हा चट्‌, पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदाही तेच. दुकानातली दोन गिऱ्हाइकं दारात येऊन बघायला लागली. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"दिसत नाहीये ना नीट?" बाई मायेने म्हणाल्या. "थांबा, अजून जाड भिंग लावते."

त्या भिंग आणायला वळल्या. मामाने हेल्मेट वर केलं. चेहरा घामाने डबडबला होता. आता हा 'नको, राहू द्या' म्हणणार आणि घरी जाऊन खुर्चीत बसणार, कायमचा. मी डोळेच मिटून घेतले.

"भिंग नको," मामाचा आवाज आला. "डोळे ठणठणीत आहेत. हात थरथरतात माझे. दोन वर्षं झाली."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही.

"मग आधी सांगायचं ना, काका! उगाच तीन रॉड वाया घालवले." त्यांनी तारेचं मशीन जोडून दिलं. "दोन्ही हातांनी धरा, कोपरं टेबलावर टेका. आणि श्वास घ्या हो!"

सांधा वाकडातिकडा आला. बाईंनी पट्टी पकडीत आवळून हातोडा घातला. पट्टी वाकली, सांधा सुटला नाही. मामा म्हणाला, "अजून एक मारा." त्यांनी मारला. तरी सुटला नाही.

घरी मामी उंबऱ्यातच उभी होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"कोणतं आणलंत?" तिने विचारलं.

"हात थरथरणाऱ्या माणसाला जमेल असं," मामा म्हणाला.

मशीन तसंच पायरीवर राहिलं. तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माझ्यासमोर, भर दारात, हमसून हमसून रडली.