आधी आपल्या घरचा मेन बंद करा

सकाळी सातला आमची हजेरी असते. विदर्भातले दहा-बारा हौशी रेडिओवाले आपापल्या घरी सेटसमोर बसतात, पुसदचे एक निवृत्त सर एकेकाचं संकेतनाव पुकारतात, आणि ज्याने त्याने आपली ख्यालीखुशाली सांगायची, एवढाच कार्यक्रम. त्या दिवशी सरांनी आर्णीच्या हमीदभाईंना पुकारलं. मग पुन्हा पुकारलं, मग तिसऱ्यांदा. नुसतीच खरखर... असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहते. खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. झोपून राहिले असतील तर चार शब्द ऐकवून येते, म्हणून चप्पल सरकवून निघाले. त्यांच्या दारात चपलांची रास दिसली आणि माझे पाय रस्त्यावरच थांबले. पहाटे नमाजासाठी उठले, खाटेवर बसले, आणि बसल्या जागीच गेले, असं शमीमभाभींनी सांगितलं.

याला आता दोन महिने होत आले. भेटायला येणाऱ्या लोकांनी मला एक प्रश्न हमखास विचारला, की त्या रेडिओचा उपयोग काय व्हायचा हो? पुरात, भूकंपात लोकांना वाचवलं असेल ना? नाही. कोणालाही वाचवलं नाही. हमीदभाईंनी आयुष्यभर मोटारींचं वायंडिंग केलं, गावातल्या निम्म्याअधिक मोटारपंपांच्या पोटात त्यांच्या हातची तांब्याची तार आहे, आणि उरलेल्या वेळात ते मजेसाठी रेडिओवर बोलले. नुसत्या मजेसाठी. मृत माणसाच्या नावावर एखादा पूर चढवला की त्याची हौस शोभून दिसते असं लोकांना वाटतं. मी तो चढवणार नाही.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मी काढलं होतं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे रोज सकाळी सातला मामंजी भजनं लावून टीव्हीपुढे बसायचे आणि बरोबर त्याच सुमाराला चित्र फुटायचं. चौकोन-चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा. आणि सातलाच हमीदभाई छतावरच्या अँटेनाच्या उंच लोखंडी पाइपच्या जोरावर बोलायला बसत. मी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होते. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेत होते. घरी येऊन मात्र मी नगर परिषदेला अर्ज लिहिला : ‘सदर पाइपमधून निघणाऱ्या लहरींमुळे रहिवाशांच्या उपकरणांना व जीवितास धोका आहे.’ जीवितास हा शब्द मला फार आवडला होता. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत खुद्द त्यांच्या हातात नेऊन दिली, कारण मागून वार करायची मला सवय नाही.

त्यांनी तो दुकानातल्या स्टुलावर बसून सावकाश वाचला. म्हणाले, “मॅडम, अक्षर लय सुंदर हाये तुमचं. तक्रार खरी असन तं मी आजच पाइप उतरवतो. पण पयले पाहू तं द्या.”

पुढच्याच रविवारी सकाळी त्यांनी सह्या करणाऱ्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. पावणेसातला आपल्या घरचा मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, आतला भाभींचा मिक्सर थांबला, भाभी काहीतरी बोलल्या तेही ऐकू आलं. “पयले माह्या घरचा मेन बंद. चोर माह्याच घरात असन तं तुमाले कायले तरास देऊ?” सेटसुद्धा बंदच होता. सात वाजले, आणि तरीही आमच्या घरातून मामंजी ओरडले की चित्र गेलं. मग हमीदभाईंनी सेलवर चालणारा एक जुना ट्रान्झिस्टर काढला, दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवला आणि गल्लीतून चालू लागले. त्याच्यातून चर्र असा आवाज येत होता, कुठे बारीक, कुठे मोठा. मला म्हणाले की याच आवाजापायी महिनाभर मलाही पुसदवाले सर ऐकू येऊन राह्यले नाहीत. आम्ही सगळे मागून. एकेका भिंतीपाशी थांबत थांबत ट्रान्झिस्टर आमच्या मागच्या पडवीशी आला आणि नुसता कोकलायला लागला.

“मॅडम, तुमच्या घरचा मेन तुमीच बंद करा. मी हात नाई लावत.”

मी केला. ट्रान्झिस्टर गप्प. पडवीत आमच्या ह्यांनी लावलेला चार्जर होता. आमच्या शेताच्या कुंपणाला रानडुकरांसाठी झटका मशीन आहे, त्याची बॅटरी रोज सकाळी शेतातून घरी यायची आणि पावणेसात-सातला त्या स्वस्तातल्या चार्जरवर चढायची. त्याचीच सगळी घाण तारांमधून टीव्हीतही जात होती आणि त्यांच्या रेडिओतही. सगळी गल्ली मागे उभी. आता हा माणूस काय बोलतो, म्हणून मी खाली बघत होते... हमीदभाई मागे वळून म्हणाले, “सापडलं. कुठंतरी वायर ढिल्ली हाये. या आता तुमी लोकं, मी करून घेतो.” वायर ढिली नव्हती. आयुष्यात माझ्यासाठी इतकं सुंदर खोटं कोणी बोललेलं नाही.

लोक गेल्यावर त्यांनी काळ्या फेराइटचं, असली खरखर गिळणारं एक कडं आणलं आणि चार्जरची वायर त्याच्यातून दहा वेळा फिरवून घेतली. पाऊण आवाज गेला, पाव राहिला. मी म्हटलं, झालं की. ते म्हणाले, “पाव काहून ठेवायचा?” आणि आठवड्याभरात स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळून नवा चार्जर करून आणला. हिरवा रंग दिलेला, पाट्यावरवंट्याइतका जड, घूं करत चालणारा. त्यातून रेडिओला ऐकू जाईल असा काहीही आवाज येत नाही.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जायला लागले. आधी माफी मागायला, मग चहाला, मग शिकायला. भिंतभर पोचपावतीची कार्डं लावलेली होती, कुठकुठल्या देशांतून आलेली. एकदा जपानमधले कोणी म्हातारे गृहस्थ लागले. हमीदभाईंनी त्यांना सांगितलं, “माय टाउन आर्णी. कॉटन. व्हेरी हॉट.” तिकडून उत्तर आलं की आमच्याकडे बर्फ पडतंय. चार मिनिटांत संपलं सगळं. हमीदभाई हेडफोन काढून इतके खूश, की भाभींनी विचारलं, पोरगं झालं का कोणाले? मी तेव्हा तोच प्रश्न विचारला, उपयोग काय? ते म्हणाले, “तुमी टीव्ही पाह्यता तेव्हा कोणी विचारते का?” दोन वर्षांनी, पन्नाशीला टेकल्यावर, मी परीक्षा देऊन परवाना काढला. माझ्या अँटेनाच्या तारेचं एक टोक माझ्या छतावर आहे आणि दुसरं पहिल्या दिवसापासून त्यांच्या पाइपला बांधलेलं आहे.

ते गेल्यावर मी सेटला हात लावला नाही. सातला घड्याळाकडे बघायचे आणि उठून दुसऱ्या कामाला लागायचे. अशात गेल्या महिन्यात गल्लीतले सुधाकरराव एक कागद घेऊन सहीसाठी आले. हमीदभाईंचा पाइप उतरवावा, सकाळी टीव्हीचं चित्र फुटतं, फोनची रेंज जाते. मी वाचायला घेतलं : ‘सदर पाइपमधून निघणाऱ्या लहरींमुळे रहिवाशांच्या उपकरणांना व जीवितास...’

“तुमचंच हाये, मॅडम,” सुधाकरराव कौतुकाने म्हणाले. “जुनी कॉपी सापडली. आमी फक्त तारीख बदलली.”

मी विचारलं, माणूस जाऊन महिना झाला, सेट दोन्ही घरांत बंद, लहरी कोण पाठवतंय? म्हणाले, पाइप तर उभा आहे ना. मी सही केली नाही. पण कागद पुढे गेला. आठवड्याने हमीदभाईंचा मुलगा अन्वर पुसदहून आला. “मॅडम, अम्मीले याच गल्लीत राह्यचं हाये. रोज कोणी ना कोणी बोलून राह्यलं तिले. रविवारी उतरवतो पाइप.” भाभी आत उभ्या होत्या. ते गेल्यापासून त्या वर पाइपकडे बघतच नव्हत्या, मीच बघत होते... तो पाइप गेला असता तर माझी तार गेली असती, हे खरं. पण मला त्याचं दुःख नव्हतं. माझ्या अक्षरातला कागद त्या माणसाला दुसऱ्यांदा गुन्हेगार ठरवत होता, आणि या वेळी अंगणात उभं राहायला तो नव्हता. मी अन्वरला म्हटलं, रविवारी उतरव, पण आठनंतर.

भाभींकडून ट्रान्झिस्टर मागून घेतला, नवे सेल घातले. रविवारी पावणेसातला माझ्या घरचा मेन बंद केला, मग भाभींनी त्यांचा केला, आणि मी गल्लीत निघाले. हमीदभाई असते तर लोक हसले नसते, मला हसले. चर्र आवाज वाढत वाढत सुधाकररावांच्या दारात पोचला. आत देवघराभोवती नव्या एलईडी माळा होत्या, पूजेच्या वेळी रोज सकाळी लागणाऱ्या. त्यांचा मेन त्यांनाच बंद करायला लावला. ट्रान्झिस्टर गप्प झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर सात-आठ जण थांबले होते. सगळं ओरडून सांगावं असं मला फार वाटलं, कारण मी हमीदभाई नाही. तरी बाहेर येऊन म्हटलं, सापडलं, वायर ढिली आहे. तसंच एक फेराइटचं कडं मी संध्याकाळी त्यांच्या माळेला नेऊन बसवलं. अन्वर शिडी घेऊन आला तेव्हा भाभी दारात येऊन म्हणाल्या, “राहू दे. शिडी ठेव तिकडं.”

दुसऱ्या दिवशी सातला मी सेट लावला. पुसदच्या सरांनी सवयीने हमीदभाईंना पुकारलं आणि अडखळले. मी म्हटलं, सर, पुकारत जा रोज. उत्तर आलं नाही तरी पुकारत जा, ती जागा त्यांचीच आहे.

आता मी रोज सेटपुढे बसण्याआधी घराचा मेन बंद करते. घरचे वैतागतात. सेट बॅटरीवर चालतो, आणि ती बॅटरी त्या हिरव्या चार्जरवर भरते. सुधाकररावांचा अर्ज अजून नगर परिषदेत आहे म्हणे. असू दे. मी त्याखाली माझा अर्ज जोडला आहे, माझ्याच सुंदर अक्षरात : बारा वर्षांपूर्वीचा मजकूर माझा होता आणि तो खोटा होता. पाइप उभा आहे आणि उभा राहील. ज्याला त्रास होतो त्याने आधी आपल्या घरचा मेन बंद करून माझ्याकडे यावं. सकाळी सातनंतर मी घरीच असते.