परत घेतलेल्या शिव्या

निरोपाचं भाषण चालू असताना, ज्याला निरोप देताय त्याच्या तोंडाकडे तुम्ही कधी पाहिलंय का? नसेलच. तुमचा डोळा चहाच्या किटलीवर असतो.

बस डेपोतला हवालदार एकतीस वर्षं तेच तोंड पाहत आला. हा पोलिसातला नव्हे. टायरमध्ये हवा भरतो, म्हणून हवालदार. टायरवर हातोडी ठोकायची, कान लावायचा आणि आवाजावरून दुखणं सांगायचं, हे याचं काम. डेपोत निरोपाचा कागद एकच. तो हेडक्लार्कच्या खणात पडून असायचा. नाव पेन्सिलीनं लिहायचं, माणूस बदलला की खोडरबर फिरवायचं. "मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख." जन्मात न हसलेला स्टोअरकीपरसुद्धा हसतमुख होऊन घरी गेला. हवालदार मागं उभा राहून प्रत्येक शब्द साहेबांच्या आधी पुटपुटायचा.

आता त्याचीच पाळी आली, आणि बायको पहिल्यांदाच डेपोत येणार होती. इतकी वर्षं तिनं ग्रीसचे कपडे घासले, पण नवरा करतो काय, हे तिला धड कळलं नव्हतं. "हवा भरतो" म्हटलं की ती म्हणायची, ते तर सायकलवालाही भरतो. तिच्या कानावर एक तरी खरं वाक्य पडावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं हेडक्लार्कला बजावलं, माझ्या वेळी तो कागद नको. हेडक्लार्क म्हणाला, भले भले त्याच कागदावर गेले, तुला काय सोन्याचा पत्रा हवाय?

शेवटी कागद निघालाच. वर कडी अशी, की मागचा निरोप एका ड्रायव्हरचा होता. त्याचं नाव खोडलं, पण त्याच्यासाठी जोडलेली ओळ तशीच राहिली. साहेबांना काय, वाचायचं काम! ठणकावून वाचलं, "यांच्या हातून गाडीला एकही अपघात झाला नाही." सगळे हसले. बायकोनं हळूच विचारलं, "अहो, तुम्ही गाडी चालवायचात?" हवालदाराची मान खाली गेली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जुना ड्रायव्हर उठला. याचं आणि हवालदाराचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"वहिनी, ओळ बरोबर आहे," तो म्हणाला. "घाटातली गाडी होती, माणसांनी भरलेली. यानं टायरवर हातोडी ठोकली, कान लावला आणि माझी किल्लीच काढून घेतली. म्हणे, टायर आतून फाटलाय. मी याच्या सात पिढ्या उद्धरल्या. यानं ऐकून घेतलं, चाक बदललं, मगच किल्ली दिली. परत आल्यावर तो टायर पाहिला, चिरेत माझं बोट गेलं. तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. त्या शिव्या आज परत घेतो."

कुणी हसलं नाही. उत्तरादाखल "चुकलं माकलं माफ करा" म्हणायची रीत होती. हवालदार तेही विसरला.

जाताना बायकोनं त्याच्याकडून हातोडी मागून घेतली, फाटकातल्या बसच्या टायरवर एक ठोका मारला आणि विचारलं, "हा काय म्हणतो?"

त्यानं कान दिला. "बरा आहे म्हणतो."

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या हाती माइक आला, तर कागद खिशात घाला. त्या माणसाचा एकच दिवस सांगा, पण खरा. आणि शिव्या दिल्या असतील, तर त्याच्या घरच्यांसमोर परत घ्या.