खळ्यावरचा बास्केटबॉल
सारवणाचा वास आला की मला आमची कॉलेजची बास्केटबॉल टीम आठवते. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. कॉलेज मुंबईत, पण आम्ही पाचही जण ठाण्याचे, त्यामुळे सराव तिथेच, खोपटला, कॅप्टनच्या घरच्या सारवलेल्या खळ्यावर चाले. भाताची झोडणी आटोपल्यावर त्याच्या वडिलांनी आंब्याला लोखंडी कडं ठोकून दिलं. "खल्याव लक्षुमी येते रं, पायतानां भायेर!" एवढीच त्यांची अट, म्हणून आम्ही अनवाणीच खेळलो आणि त्या वर्षी चक्क फायनलला पोचलो. फायनल मुंबईत, सिमेंटच्या मैदानावर होती. रेषेपाशी येताच आम्ही सवयीने, खास फायनलसाठी घेतलेले नवे कोरे बूट काढून बाहेर ओळीने ठेवले. लोक खो खो हसले. कॅप्टन लाजून बूट पुन्हा घालायला वाकला, तेवढ्यात त्याला वडील दिसले. मैदानाच्या कडेला, वहाणा हातात धरून उभे होते. त्याने बूट परत खाली ठेवले. मग आम्हीही उचललेले बूट ठेवले. तळव्यांना फोड आले, आणि थोडक्यात हरलोही. परवा नातवाची मॅच बघायला गेलो, तर माझी खुर्ची मैदानाच्या पलीकडे होती. मी चपला काढल्या. "आजोबा, इथे चालतं," नातू म्हणाला. चालत असेल, म्हटलं, आणि चपला हातात घेऊन पलीकडे गेलो.